रिकामं आणि शून्य

मानवत सोडलं की एसटीच्या खिडकीतून बाभळी पांढऱ्या दिसायला लागतात. कापसाच्या गाड्या रस्त्याच्या कडेनं जातात, काटे त्यातला थोडा थोडा कापूस ओढून ठेवून घेतात, आणि पौषात सगळा रस्ता असा दिसतो की कुणीतरी उशी फाडून वाऱ्यावर सोडली आहे. यंदा पुष्कळ दिवसांनी मी या मोसमात घरी आले. शेजारच्या सीटवरची बाई मांडीवर हरभऱ्याचे डहाळे घेऊन सोलत होती. तिनं न विचारताच मूठभर घाटे माझ्या हातात ठेवले.

"खा. कुठं जायलीस?"

"परभणीला," मी म्हणाले.

एवढ्या एका शब्दावरून तिला कळलं असावं की मी इथली असूनही इथली नाही. माझं मराठी अजून तसंच आहे, इस्त्री करून ठेवल्यासारखं. शाळा हैदराबादला मावशीकडे राहून झाली, कॉन्व्हेंटच्या ननांच्या हाताखाली. वडिलांची बदली कालव्याच्या कामावर परभणीला झाली तेव्हा मी पदवी घेऊन इथं आले, आणि संख्याशास्त्र येणारी मुलगी म्हणून एका ऑफिसात तात्पुरती लागले. त्याच हिवाळ्याबद्दल मला लिहायचं आहे. तो हिवाळा माझ्यासाठी अजून संपलेला नाही.

मी आता ज्या शहरात काम करते तिथल्या संगणकाच्या खोलीला ऋतू नाहीत. खिडक्या कायमच्या बंद, बाराही महिने एकच गारवा. माणसांसाठी नव्हे, यंत्रासाठी. आम्ही मे महिन्यातही आत जाताना स्वेटर घालतो. गेल्या महिन्यात शिकायला आलेल्या नव्या मुलींपैकी एकीनं मला विचारलं, "मॅडम, या कामात पुढं जायचं तर कोणत्या सवयी लावून घ्यायच्या?" मी तिला सांगितलं की कार्डांचा गठ्ठा बांधण्याआधी त्याच्या कडेवर पेन्सिलीनं एक तिरकी रेघ ओढ. गठ्ठा हातातून पडला तरी रेघ जुळवून कार्डं पुन्हा क्रमानं लावता येतात. सांगितलं की उत्तर चुकलं तर यंत्राला दोष देऊ नकोस. सांगितलं की आपला प्रोग्रॅम आपण तपासायचा नाही, दुसऱ्याकडून तपासून घ्यायचा. ती सगळं लिहून घेत होती. शेवटी मी म्हणाले, "आणि रिकाम्या जागेला शून्य समजू नकोस." तिनं मान हलवून तेही लिहून घेतलं, स्पेलिंग लिहून घ्यावं तसं.

ते असं सांगायचं नसतं, हे मला नंतर जाणवलं. त्या वाक्याला एक घर आहे, एक कुलूप आहे, सरकीचा वास आहे.

परभणीत कापसाच्या बाजारामागे एका भाड्याच्या बंगलीत आमचं ऑफिस होतं. मोठ्या दुष्काळावर दोन पावसाळे होऊन गेले होते. कोणत्या गावात किती माणसं परतली, किती गुरं उरली, कोणत्या विहिरीला पाणी आहे, याची पाहणी चालली होती. गावोगावचे तक्ते आमच्याकडे यायचे. आम्ही ते जाड कागदाच्या कार्डांवर भोकं पाडून उतरवायचो आणि कार्डांचे खोके रेल्वेच्या पार्सलनं मोठ्या शहरात जायचे. संगणक तिथं होता. आमच्यापैकी सबनीस साहेब सोडून तो कुणीच पाहिला नव्हता. मी घरी बसून फोरट्रान भाषेतला प्रोग्रॅम लिहायची, तोही कार्डांवर चढून त्याच खोक्यातून जायचा, आणि आठवड्या-दोन आठवड्यांनी उत्तर यायचं, घड्याघड्यांचा लांबच लांब कागद. एखादा स्वल्पविराम राहिला असेल तर त्या कागदावर तेवढंच छापून यायचं. पुन्हा पार्सल, पुन्हा वाट पाहणं.

जिनिंगच्या गिरणीतून कापसाचे तंतू उडत उडत आमच्या खिडकीतून यायचे आणि पंचिंग मशीनवर बसायचे. सकाळी आल्यावर आधी मशीन ब्रशनं झाडायचं, मग खालच्या पेटीतल्या कागदाच्या बारीक टिकल्या काढून टाकायच्या. भोकं पाडताना जे उरतं ते. त्या टिकल्या हलक्या असायच्या. दार उघडलं की तांदळाच्या कण्यांसारख्या फरशीभर पसरायच्या, आणि संध्याकाळी घरी गेल्यावर माझ्या वेणीत सापडायच्या. आईला वाटायचं मी कुणाच्या तरी लग्नात अक्षता टाकून आले.

मशीनवर विमल बसायची. ती पेडगावची, सकाळच्या पॅसेंजरनं यायची आणि संध्याकाळच्या गाडीनं परत जायची. मॅट्रिक झालेली, टायपिंगची परीक्षा दिलेली, माझ्याहून तीन-चार वर्षांनी मोठी. तिच्या वडिलांनी, ती लहान असतानाच, सगळ्या वस्तीबरोबर बुद्धाचा धर्म घेतला होता आणि मुलांना शिकवायचंच असं ठरवलं होतं. वडील गेले, ठरवलेलं राहिलं. ती मला लीनाबाई म्हणायची आणि मी तिला विमलताई. पहिले कित्येक दिवस आम्ही कामापलीकडे बोललो नाही. मला बोलण्याची सवय नव्हती. तिला, मला वाटतं, घाई नव्हती.

आम्हाला बोलायला लावलं ते सबनीस साहेबांनी. साहेब पुण्याकडचे, हळू आवाजाचे, उन्हाळ्यातही गळ्याशी बटण लावणारे. त्यांचा एक नियम होता. "यंत्राला तुमच्या मनातलं कळत नाही," ते म्हणायचे. "तुम्हाला कळतं. म्हणून आपल्या प्रोग्रॅमचं यंत्र आपण व्हायचं नाही." त्यामुळे माझा प्रोग्रॅम पार्सलात जाण्याआधी विमलताईला यंत्र व्हावं लागायचं. दुपारी चहाच्या बश्या टेबलावर मांडायच्या. प्रत्येक बशीत एक चिठ्ठी, कशाची मोजणी आहे त्याची, आणि मोजायला जोंधळ्याचे दाणे. मी एकेक ओळ वाचायची. विमलताई तेवढंच करायची जेवढं ओळीत असेल. एक दाणा इकडून तिकडे, दोन दाणे बाहेर.

"आता पुढच्या घराकडे जायचं," मी म्हणायची.

"कुठं लिहिलंय?"

"ते उघडच आहे ना."

"तुमाला उघड असंल. यंत्र हितंच बसलंय, त्याच घरापाशी. जनमभर तेच घर मोजणार." मग हात मांडीवर ठेवून ती डोळे मिटून बसायची. "यंत्राला चहा पायजे."

मी हसायची. ओळ दुरुस्त करायची. आजही प्रोग्रॅम लिहिताना प्रत्येक ओळीनंतर कुणीतरी समोर हात मांडीवर ठेवून बसलेलं असतं. कागदावर नाही ते करत नाही. ते माणूस तिथं आहे म्हणून माझं काम बरं होतं, असं माझे वरिष्ठ म्हणत नाहीत, कारण त्यांना ते दिसत नाही.

एकदा तक्त्यांवर शेरे वाचताना मला एक शब्द सारखा भेटत होता: "जगायला गेले." घराच्या नंबरापुढे, विहिरीच्या नावाखाली, समासात. मी विमलताईला विचारलं, "हे लोक कुठं राहायला गेले?"

"राहायला न्हाई, बाई," ती म्हणाली. "जगायला."

मला फरक कळला नाही. ती मशीनवरून उठली, माठातलं पाणी प्यायली आणि मग सांगू लागली. पाणी न्हाई, काम न्हाई, गुरं विकली की माणसं निघतात. घराला कुलूप, किल्ली शेजारी. ऊस तोडायला, दगड फोडायला, मिळंल तिकडं. त्याला जगायला जाणं म्हणतात. तिचा भाऊ किसन, त्याची बायको आणि चालायला लागलेली मुलगी दुष्काळाच्या साली तसेच गेले होते. भावाचं घर यांच्या घराला लागूनच, मधली भिंत एक, पण दार वेगळं आणि नंबर वेगळा. जाताना त्यानं किल्ली आईकडे दिली. दोन पावसाळे चांगले झाले. वस्तीतली बाकीची माणसं एकेक करून आली. यांचं पत्र नाही, निरोप नाही.

"येतील," मी म्हणाले. असं म्हणायचं असतं म्हणून.

"हां," ती म्हणाली आणि मशीन सुरू केलं.

पेडगावची पाहणी दिगंबररावांनी केली होती. ते ताडकळसचे, निवृत्त तलाठी, निजामाच्या राज्यात उर्दू शाळेत शिकलेले. अक्षर मराठी पण हिशेबाची सवय जुनी. शून्याला ते सिफर म्हणायचे आणि उर्दूत काढतात तसंच शून्य काढायचे, नुसतं एक टिंब. आम्हाला ते माहीत होतं, टिंब दिसलं की विमलताई शून्य पंच करायची. तक्ते पोचवायला ते स्वतः आले होते. साहेबांना सांगू लागले, "त्या गल्लीतली घरं खाली हायती, साहेब." साहेबांनी चष्मा काढला. "कशाच्या खाली?" त्यांनी विचारलं. दिगंबरराव त्यांच्याकडे बघतच राहिले. मग आम्हाला कळलं की ते रिकामी म्हणताहेत आणि पुण्याचा माणूस घरांच्या खालच्या ओळीत उत्तर शोधतो आहे. पुढे कित्येक दिवस पंख्याखाली बसलेल्याला कुणीतरी विचारायचंच, "कशाच्या खाली?"

हसणं तिथं संपलं.

पाहणीचा एक उपयोग आम्हा सगळ्यांना ठाऊक होता. ज्या घराच्या माणसांच्या रकान्यात शून्य येईल ते घर उठलं असं धरून त्याची जागा दुसऱ्या गरजू कुटुंबाला दिली जाणार होती. ते चूक होतं असं मी म्हणत नाही. उघड्यावर झोपणारी माणसं होती. पण पहिला कागद शहरातून आला तेव्हा त्यावर उठलेल्या घरांची यादी पानामागून पान चालली होती. गल्ल्याच्या गल्ल्या. साहेब खुर्चीतून उठून कागद टेबलावर उलगडत गेले, मग कागद जमिनीवर उतरला, आणि शेवटी ते गुडघ्यावर बसले.

"रिकामी जागा," ते म्हणाले. "तक्त्यात जिथं काहीच लिहिलेलं नाही तिथं आपण काहीच पंच केलं नाही. आणि आकड्याच्या जागी काहीच नसलं की हे यंत्र शून्य वाचतं."

म्हणजे ज्या घरात कुणी उरलं नाही ते शून्य, आणि ज्या घराला कुलूप होतं म्हणून काही कळलं नाही तेही शून्य. यंत्राला दोन्ही सारखीच. मी पुस्तकात ते वाक्य वाचलं होतं, परीक्षेत लिहिलंही असतं. पण त्या दुपारी पहिल्यांदा मला ते यंत्र डोळ्यांसमोर दिसलं. दूरच्या शहरात, गार खोलीत, ते एकेका कुलपासमोरून जात होतं, कुठेही न थांबता, कुणालाही हाक न मारता.

विमलताईनं पेडगावचं पान शोधलं. तिला फार शोधावं लागलं नाही.

"दादाला उठवलं की," ती म्हणाली.

साहेबांनी तोड काढली. जिथं माहीत नाही तिथं नव्याण्णव पंच करायचं आणि प्रोग्रॅमला सांगायचं की नव्याण्णव दिसलं तर ते घर मोजू नकोस, बाजूला ठेव. नव्याण्णव माणसांचं घर परभणी जिल्ह्यात नाही, असं ते म्हणाले. "माझ्या सासुरवाडीच्या लग्नात या एकदा," साहेबांचा शिपाई म्हणाला, पण कुणी हसलं नाही. आता सगळे तक्ते पुन्हा काढून पाहायचे होते. टिंब असेल तर शून्य, काहीच नसेल तर नव्याण्णव.

किसनच्या घराच्या ओळीत एक ठिपका होता.

टिंबापेक्षा लहान, डागापेक्षा काळा. साहेबांनी भिंग लावून पाहिलं. मी पाहिलं. तो शाईचा होता की माशीचा, की पेनाचं टोक नुसतंच टेकलं होतं, सांगता येईना. विमलताई टेबलापासून मागे सरकून उभी राहिली. "मी न्हाई बघणार," ती म्हणाली. "माझं घर हाय." साहेबांचा नियम तिनं स्वतःला लावून घेतला होता. त्यांनी तिला तसं सांगितलं नव्हतं.

मी ताडकळसला गेले, दिगंबररावांना विचारायला. विमलताई माझ्याबरोबर आली, कारण मला एकटीला बाजारात माणूस शोधता आला नसता. बाजाराचा दिवस होता. बोरं, पेरू, मिरचीचे ढीग, दोऱ्यांची भेंडोळी, आणि या सगळ्यावर हिवाळ्यातलं ते पातळ ऊन. दिगंबरराव किराणा दुकानाच्या पायरीवर बसले होते. त्यांनी तक्ता उन्हात धरला, लांब धरला, जवळ आणला.

"अक्षर माझंच हाय," ते म्हणाले.

"आणि टिंब?"

"याद न्हाई." त्यांनी तक्ता मांडीवर ठेवला. "दारापाशी उभा होतो, ते याद हाय. कुलूप होतं. विमलची आय बाजूच्या दारात बसली होती. म्हणाली, जगायला गेलेत. आता त्याच्यासाठी ह्या तक्त्यात रकाना न्हाई, बाई. टाक उचलला असंल. टेकवला असंल. सिफर लिवायचं मनात आलं असंल आन् हात थांबला असंल. काय सांगू?"

मग त्यांनी खिशातलं पेन काढलं आणि विमलताईकडे पाहिलं. "तू सांग पोरी. तीन लिवतो. तुझ्या शब्दावर. मी पाहणी केलीय, मी दुरुस्त करू शकतो."

आमच्या मागून एक माणूस कोंबड्या उलट्या धरून गेला. विमलताईच्या हातात तिनं घेतलेल्या हरभऱ्याच्या पेंडीतला एक घाटा होता, तो ती सोलत नव्हती. ती 'हो' म्हणाली असती तर मी काहीच बोलले नसते. मला आतून तसंच व्हायला हवं होतं. एक अक्षर, आणि घर राहिलं असतं.

"तीन हायत का, मला कुठं ठाऊक हाय," ती म्हणाली. "खोटं कसं लिहायचं, तलाठीसाहेब. पण शून्यबी मला ठाऊक न्हाई."

दिगंबररावांनी पेन खिशात ठेवलं. परत येताना बसमध्ये ती खिडकीशी बसली होती आणि काचेवर कापसाचा एक तंतू चिकटून फडफडत होता. पूर्णेकडून अंधार येत होता.

नव्याण्णव पंच झालं. खोका गेला. कागद आला, आणि बाजूला ठेवलेल्या घरांची वेगळी यादी त्यात होती. मला ती यादी बघताना बरं वाटायचं. जणू त्या सगळ्या घरांना आम्ही एका ओसरीत बसवून ठेवलं होतं, तुमचं नंतर बघतो असं म्हणून. पण वरच्या कचेरीला ती ओसरी नको होती. त्यांचं पत्र आलं: घरात माणूस असतो किंवा नसतो, तिसरं काही नसतं, जाऊन विचारा आणि आकडा लिहा. साहेबांनी उलट लिहून पाहिलं. उत्तर तेच आलं, थोडं लहान होऊन.

म्हणून एका दुपारी दिगंबरराव आणि मी पेडगावला गेलो. विमलताई ऑफिसातच थांबली. आपल्या घराचा आकडा आपण लिहायचा नाही, हे आता कुणी बोलत नव्हतं पण सगळ्यांना कळत होतं.

तिची आई दारात बसली होती. बारीक, ताठ बाई, पांढरी साडी, हातात काही नाही. तिनं मला ओळखलं. "तू ती यंत्रवाली," म्हणाली, "बस माय." मी बसले. शेजारचं दार बंद होतं. कुलपावर गंज होता पण दारापुढचं अंगण झाडलेलं होतं, आणि सडा घातलेला होता. राहत्या घराच्या अंगणाला घालतात तसाच.

मला विचारायचं होतं. शाळेत मला उभं राहून कविता म्हणायला सांगितली की जसे हात गार पडायचे तसे पडले. दिगंबररावांनीच सांगितलं, सगळं, काही न लपवता. माणसं लिहायची की सिफर. सिफर लिहिलं तर काय होईल. तीन लिहिलं आणि उद्या कुणी तपासायला आलं तर काय होईल.

म्हातारीनं ऐकून घेतलं. "म्हंजी घरात माणूस पायजे," ती म्हणाली.

"हां."

"किती पायजे?"

"एक असला तरी घर राहतं," दिगंबरराव म्हणाले.

ती उठली. कनवटीची पिशवी सोडून किल्ली काढली. कुलूप लवकर निघेना, तिनं त्यात दिव्याचं तेल सोडलं आणि थांबून राहिली, घाई न करता. दार उघडलं तेव्हा आतून बंद घराचा वास आला, माती आणि उंदीर आणि जुनं जोंधळ्याचं पीठ. तिनं आत जाऊन झाडलं. मग आपल्या घरातून गोधडी आणली, पाण्याची कळशी आणली, चुलीजवळची फुंकणी आणली. मी मदतीला उठले तर म्हणाली, "बस, तू लिहायला आलीस." सगळं ठेवून झाल्यावर ती त्या दुसऱ्या उंबऱ्याच्या आत बसली आणि बाहेर आमच्याकडे पाहिलं.

"आता लिही. एक."

दिगंबररावांनी लिहिलं नाही. "आजी, नुसतं आमच्यासाठी बसलीस तर ते झूट होतं," ते म्हणाले. "रात्री हितं झोपणार का?"

"झोपते की."

"उद्या?"

"उद्याबी झोपते. तो येईपर्यंत झोपते. लिही."

त्यांनी लिहिलं. पुढे दोन-तीनदा ते वाट वाकडी करून पेडगावला जाऊन आले, पाहायला. ती तिथंच होती.

काय झालं ते विमलताईला घरी गेल्यावरच कळलं. दुसऱ्या दिवशी ती नेहमीच्या गाडीनं आली, मशीन ब्रशनं झाडलं आणि ते कार्ड पंच केलं. शून्य, एक. पंचाचा आवाज रोजचाच होता. कार्ड तिनं उजेडाला धरून पाहिलं, जसं प्रत्येक कार्ड पाहायची, आणि गठ्ठ्यात लावलं.

"आयनं वाटणी करून घेतली," ती म्हणाली. "मला म्हणाली, तुझ्या घरात तू एक, ह्या घरात मी एक. दोन्ही घरं पक्की."

आम्ही दोघी हसलो. पण त्या दिवसापासून संध्याकाळच्या गाडीची वेळ झाली की ती खिडकीकडे बघू लागायची. भिंत एकच होती. तिकडून आईचं खोकणं ऐकू यायचं, म्हणायची, पण दार वेगळं. रात्री दारापुढून कुणी गेलं की आई आत उठून बसायची. कुत्रं गेलं तरी. हिनं भिंतीआडून विचारलं, काय झालं, तर म्हणायची, काही न्हाई, झोप. विमलताई हे सगळं सपाट आवाजात सांगायची, यंत्र झाल्यावर बोलायची त्या आवाजात. त्या आवाजाला पुढे काही विचारता यायचं नाही.

पाहणी संपली. मशीनं शहरात हलवायचं ठरलं. साहेबांना आम्ही दोघीही हव्या होत्या. मी प्रोग्रॅम लिहायला आणि विमलताईनंही तेच शिकायला, असं त्यांनी तिला समोर बसवून सांगितलं. त्या वेळी त्या कामात शिरणाऱ्याला पुढे वाट मोकळी होती, ते आम्हाला अर्धवट कळत होतं. तिनं एक आठवडा मागून घेतला. आठवड्यानंतर म्हणाली, "मी गेले तर आय एकटी. आयला नेलं तर ते घर पुन्हा खाली." साहेब या वेळी कशाच्या खाली ते विचारणार नव्हते. त्यांनी टेबलावरच्या कागदांचे कोपरे जुळवले, पुन्हा जुळवले. पुढे तिला परभणीत एका कचेरीत टायपिंगचं काम लागलं. मी शहरात गेले.

तिथं मी बरं नाव कमावते आहे. लोक म्हणतात माझ्या प्रोग्रॅममध्ये चुका कमी असतात. मी प्रत्येक आकड्याआधी विचारते, हे शून्य आहे की माहीत नाही. नवी मुलं कंटाळतात. कधीकधी भलामोठा छापील कागद समोरून सरकत असतो आणि कुठेतरी मध्ये नव्याण्णव येतं. कुणाच्यातरी गोदामातल्या डब्यांचं, कुणाच्यातरी हजेरीचं. माझा हात आपोआप कागदावर जातो, जणू ते पुढे जाऊ नये. मग मला शंका येते की वरच्या कचेरीचं बरोबर होतं का. नव्याण्णवला जागा नव्हती म्हणून त्या बाईनं घर धरून ठेवलं. जागा असती तर ते घर कागदावर राहिलं असतं आणि ती आपल्या चुलीपाशी झोपली असती. की तरीही उठून गेली असती? किल्ली तर तिच्या कनवटीलाच होती. दोन वर्षं रोज सडा घालणारीला काय माहीत होतं आणि काय नव्हतं, हे कोणत्या रकान्यात लिहायचं, मला आजही ठरवता येत नाही.

विमलताईची आई मागच्या पावसाळ्यात वारली. तिनं दोन ओळींचं पोस्टकार्ड पाठवलं होतं.

परवा दुपारी मी पेडगावला जाऊन आले. घरी कुणाला सांगितलं नव्हतं कुणाकडे जाते ते. मी अजूनही अशीच आहे. स्टेशनावरून चालत वस्तीत शिरले तेव्हा माणसं शेतात होती, गल्लीत फक्त उन्हाला टाकलेल्या गोधड्या. विमलताईच्या दारात अनोळखी मुलं खेळत होती. तिच्या चुलतभावाचं बिऱ्हाड आता इथं राहतं, ती त्या घरात, असं एका मुलानं हात करून दाखवलं आणि पुन्हा खेळायला लागला. ती मूळचं घर देऊन भावाच्या घरात राहायला गेली होती.

दार आतून लावलेलं होतं. मी कडी वाजवली. आत भांडी घासल्याचा आवाज येत होता, तो थांबला.

"दादा?" आतून तिनं विचारलं. अगदी साध्या आवाजात, रोज या वेळी कुणीतरी येतं तसं.

उत्तर दिलं तर काहीतरी माझ्या हातून मोडेल, असं वाटलं. पण उभं तरी किती राहणार.

"मी," मी म्हणाले. "लीना."

आत थोडा वेळ काहीच हललं नाही. मग तिनं कडी काढली.